कागद फक्त काउंटरवरच दिसतो

बनावट चेक आणि डीडी (डिमांड ड्राफ्ट) ओळखण्याचं प्रशिक्षण आम्ही बँकांच्या शाखांमध्ये जाऊन देतो. सुरुवातीला एक प्रश्न विचारतो: खातेदाराने पेटीत टाकलेला चेक, म्हणजे तो कागद, प्रत्यक्ष कोण पाहतं? बहुतेक जण सांगतात, ज्या बँकेवर चेक काढलाय तिचा पासिंग अधिकारी, म्हणजे पैसे द्यायला मंजुरी देणारा. आजही इतक्या शाखांमध्ये हेच चुकीचं उत्तर मिळतं, म्हणून बाकीचं सगळं बाजूला ठेवून आम्ही आधी त्यावर बोलतो.

चेक ट्रंकेशन (सीटीएस), म्हणजे कागदाऐवजी चेकच्या प्रतिमा पाठवण्याची पद्धत, १ फेब्रुवारी २००८ रोजी दिल्लीत सुरू झालं. २०११ मध्ये चेन्नई आणि २०१३ मध्ये मुंबई त्यात आली. तेव्हापासून चेकचा कागद जमा करून घेणाऱ्या बँकेतच थांबतो. पुढे जातात तीन प्रतिमा: समोरच्या बाजूची एक करड्या छटांची आणि एक काळी-पांढरी, आणि मागच्या बाजूची एक काळी-पांढरी. करड्या प्रतिमेचं रिझोल्यूशन १०० डीपीआय असतं. तिच्यात वॉटरमार्क दिसत नाही, अतिनील शाईतला लोगो दिसत नाही, कागदाचा पोत कळत नाही. पासिंगला बसलेल्या माणसाला तारीख, नाव, रक्कम, सही आणि खाडाखोड एवढंच तपासता येतं. कागद हातात घेऊन उजेडाकडे धरण्याची संधी फक्त जमा करून घेणाऱ्या काउंटरवर असते आणि ती एकदाच मिळते. परक्राम्य संलेख अधिनियमाच्या (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्ट) कलम १३१ च्या दुसऱ्या स्पष्टीकरणानेही चेकचा प्रथमदर्शनी खरेपणा तपासण्याची आणि साध्या काळजीने पकडता येईल अशी फसवणूक पकडण्याची जबाबदारी ट्रंकेशनमध्ये जमा करून घेणाऱ्या बँकेवरच टाकली आहे. हे एकदा पटलं की पे-इन स्लिपवर शिक्का मारणारा कर्मचारीही पुढचं कान देऊन ऐकतो.

पहिला तासभर आम्ही एकही खोटा चेक दाखवत नाही. टेबलावर वेगवेगळ्या बँकांची रद्द केलेली खरी पानं ठेवतो, खाते क्रमांक झाकून. ती नुसती हाताळायला सांगतो. खऱ्या कागदाची सवय बोटांना आणि डोळ्यांना झाली की खोटा आपोआप खटकतो. उलट दिशेने शिकवलं तर माणूस फसवणुकीचे प्रकार पाठ करतो आणि यादीत नसलेला प्रकार आला की अडतो.

साहित्य फार लागत नाही. ३६५ नॅनोमीटरच्या आसपासचा अतिनील दिवा, दहापट मोठं दाखवणारं भिंग, एक छोटी टॉर्च आणि एक अंधारा कोपरा. कोपऱ्याकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. शाखेत दिवा असतो, पण तो ट्यूबलाइटच्या झगझगाटात काउंटरवर ठेवलेला, त्यामुळे खऱ्यातला आणि खोट्यातला फरक पुसट होतो. पुठ्ठ्याचं तीन बाजूंनी बंद असलेलं खोकं दिव्यावर ठेवलं तरी काम भागतं. दिव्याची नळी जुनी झाली की जांभळा उजेड दिसत राहतो, पण उपयोगी अतिनील किरण कमी झालेले असतात. म्हणून दर सोमवारी एक खरा चेक आणि एक साधा झेरॉक्सचा कागद शेजारी ठेवून दिवा तपासा, असं आम्ही सांगतो. झेरॉक्सचा कागद निळसर पांढरा लखलखायला हवा आणि चेक निस्तेज राहायला हवा. नळीकडे थेट बघायचं नाही, हेही सांगावं लागतं.

चेक निस्तेज राहतो कारण सीटीएस-२०१० मानकाप्रमाणे त्याच्या कागदात चमक आणणारी रसायनं नसतात. याच मानकाच्या बाकीच्या खुणा आम्ही हातात पान देऊनच दाखवतो. उजेडाकडे धरल्यावर लंबगोलात ‘सीटीएस-इंडिया’ हा वॉटरमार्क. डाव्या कडेला उभ्या ओळीत छापखान्याचं नाव आणि ‘सीटीएस-२०१०’. रकमेच्या चौकटीत रुपयाचं चिन्ह. सहीच्या जागी ‘या रेषेच्या वर सही करा’ अशा अर्थाची इंग्रजी सूचना. अतिनील दिव्याखाली उमटणारा बँकेचा लोगो. आणि व्हॉइड पँटोग्राफ, म्हणजे पार्श्वभूमीच्या नक्षीत लपवलेला ‘व्हॉइड’ किंवा ‘कॉपी’ हा शब्द. तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, रंगीत झेरॉक्स काढली की वर येतो.

वॉटरमार्क पाहताना एक चूक हमखास होते. उजेडाकडे धरलं, काहीतरी दिसलं, झालं. खरा वॉटरमार्क कागद तयार होतानाच त्याच्या जाडीत बनलेला असतो. त्यामुळे तो पारदर्शी उजेडातच नीट दिसतो आणि त्याच्या कडा मऊ असतात. बनावट पानावर तो फिक्या करड्या शाईने किंवा तेलकट द्रवाने छापलेला असतो. असं पान टेबलावर ठेवून टॉर्च जवळजवळ आडवी धरली की तोच आकार पृष्ठभागावर चकाकतो, आणि बऱ्याचदा अतिनील दिव्याखालीही उठून दिसतो. म्हणून वॉटरमार्क दोनदा पाहायचा: उजेडाकडे धरून दिसला पाहिजे, आणि टेबलावर ठेवून दिसता कामा नये.

मग खालची पांढरी पट्टी. एमआयसीआरचे, म्हणजे यंत्राला वाचता यावेत म्हणून चुंबकीय शाईत छापलेले, आकडे डावीकडून उजवीकडे चार गटांत येतात: सहा अंकी चेक क्रमांक, नऊ अंकी शहर-बँक-शाखा संकेतांक, सहा अंक खात्याच्या ओळखीचे आणि शेवटी दोन अंकी व्यवहार संकेतांक. नऊ अंकांतले पहिले तीन शहराचे असतात, मुंबईला ४००, पुण्याला ४११. मधले तीन बँकेचे, शेवटचे तीन शाखेचे. व्यवहार संकेतांक १० म्हणजे बचत खातं, ११ म्हणजे चालू, ३१ आणि २९ म्हणजे अनुक्रमे त्यांचेच ‘अ‍ॅट पार’ चेक, बँकेच्या कुठल्याही शाखेत वटणारे. हे चार संकेतांक पाठ असले तरी पुष्कळ फायदा होतो. वर कंपनीचं नाव आणि चालू खात्याचा शिक्का, खाली व्यवहार संकेतांक ३१, असं पान समोर आलं तर ते जोडकाम असण्याची शक्यता मोठी. छापलेल्या पत्त्यावरची शाखा आणि पट्टीतला शाखेचा संकेतांक यांचा मेळ बसतो का, हेही बघता येतं.

याच पट्टीच्या बाबतीत शाखेत जी सवय लागलेली असते, तिच्याबद्दल आम्ही खरोखर आग्रहाने बोलतो. स्कॅनरने पट्टी वाचली नाही की ऑपरेटर आकडे हाताने भरतो आणि चेक पुढे सरकवतो. पट्टी न वाचली जाण्याची कारणं साधी असू शकतात: घडी, पिनेचं भोक, तेलाचा डाग. पण बनावट पानावर आकडे साध्या शाईने छापलेले असतात, त्यात चुंबकीय गुण नसतो, म्हणून यंत्र अडखळतं. यंत्राने दिलेली ती एकमेव सूचना आपणच बोटांनी खोडून टाकतो. हाताने दुरुस्ती करण्याआधी चेक बाहेर काढून भिंगाखाली धरायचा, हा नियम आम्ही दुसरं काही ऐकलं नाही तरी एवढा पाळा म्हणून सांगतो.

आता बनावटीचे प्रकार. क्लोन केलेल्या चेकची गोष्ट सगळ्यात बेचैन करणारी असते, कारण मूळ पान खातेदाराच्या कपाटात सुरक्षित असतं आणि त्याच क्रमांकाचं दुसरं पान क्लिअरिंगमधून वटून जातं. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१४ च्या परिपत्रकात नेमक्या अशाच प्रकरणांचा उल्लेख करून उपाय सुचवले होते: साधारण दोन लाखांवरचे चेक अतिनील दिव्याखाली पाहणं, पाच लाखांवरच्या चेकची एकाहून अधिक पातळ्यांवर तपासणी, खातेदाराला एसएमएस, आणि संशयास्पद किंवा मोठ्या रकमेच्या चेकसाठी त्याला फोन. क्लोन भिंगाखाली ओळखता येतो. खऱ्या पानाची नक्षी सलग रेषांची असते. इंकजेटवर छापलेल्या पानावर त्याच रेषा निळ्या, गुलाबी, पिवळ्या ठिपक्यांत फुटतात. सहीसुद्धा स्कॅन करून छापलेली असेल तर काळ्या रेषेच्या कडेला हेच रंगीत ठिपके दिसतात. शिवाय पान उलटून सहीच्या जागी बोट फिरवलं तर पेनाच्या दाबाचा उंचवटा लागत नाही.

धुतलेला, म्हणजे द्रवाने शाई काढलेला, चेक वेगळा. इथे कागद खरा, एमआयसीआर खरा, सही खरी. बदललेलं असतं ते नाव किंवा रक्कम. वर्गात आम्ही असं एक पान दिव्याखाली ठेवतो आणि काही न सांगता सगळ्यांना एकेक करून बघायला लावतो. साध्या उजेडात नावाच्या ओळीवर फक्त किंचित फिकेपणा असतो. दिव्याखाली त्याच ओळीवर ढगासारखा पट्टा उमटतो, कडा वेड्यावाकड्या, द्रव जिथपर्यंत पसरला तिथपर्यंत. त्या पट्ट्याच्या आत पार्श्वभूमीची नक्षी तुटलेली असते. आडव्या टॉर्चमध्ये नव्या नावाच्या खाली जुन्या अक्षरांचे चर दिसतात, कारण शाई निघते पण पेनाने दाबलेला कागद पुन्हा सपाट होत नाही. बॉलपेनची शाई तुलनेने सहज धुतली जाते. रंगकणांची जेल शाई कागदाच्या तंतूंत अडकते आणि सहसा निघत नाही. खातेदारांना हे आवर्जून सांगावं.

दिव्याखाली चमक दिसली म्हणजे लबाडी, असा निष्कर्ष मात्र काढायचा नाही. शर्टाच्या खिशात राहून धुण्यात गेलेला चेकही चमकतो, कारण साबणाच्या पावडरीतली चमकद्रव्यं कागदात उतरतात. हायलायटर चमकतो. काही डिंकही चमकतात. फरक जागेत असतो. अपघाताने आलेली चमक पानभर किंवा कुठेही असते, हेतुपुरस्सर धुतलेली जागा नेमकी नाव, रक्कम किंवा तारखेवर असते.

उष्णतेने उडणाऱ्या शाईच्या पेनाचा प्रकार खातेदाराच्या समोरच घडतो. कर्जाच्या किंवा विम्याच्या कागदपत्रांसाठी ‘कॅन्सल्ड’ चेक मागायचा, तो शब्द स्वतःच्या पेनाने लिहायचा, सही खातेदाराला त्याच्या पेनाने करू द्यायची. अशी शाई साधारण ६० अंश सेल्सिअसला अदृश्य होते. मग उरतो सही केलेला कोरा चेक. काउंटरवर तो आला की ओळखायची खूण पुन्हा आडवा उजेड: पानावर तिरक्या दोन रेघा आणि मोठ्या अक्षरांचा चर. खूप थंड केल्यावर, शून्याखाली दहा-वीस अंशांवर, ही शाई परत उमटू शकते. पण तो प्रयोग शाखेने करायचा नाही. ते काम न्यायवैद्यक प्रयोगशाळेचं आहे आणि पुरावा ओला झाला तर वाया जातो.

सहीबद्दल थोडक्यात. नमुना सहीशी आकार जुळवण्यावर सगळे भर देतात. गिरवलेल्या सहीचा आकारच तर सगळ्यात चांगला जुळतो. रेषेचा वेग पाहा. खऱ्या सहीची सुरुवात आणि शेवट निमुळते असतात, गिरवलेल्या सहीत ते बोथट, मध्येच पेन थांबल्याचे ठिपके आणि थरथर. एकाच खात्याच्या दोन चेकवरच्या सह्या एकमेकींवर तंतोतंत बसत असतील तर तीच शंकेची बाब, कारण कुणाचीही सही दोनदा हुबेहूब होत नाही.

डीडीच्या बाबतीत कागदापेक्षा फोन महत्त्वाचा. १५ सप्टेंबर २०१८ पासून डीडीवर खरेदीदाराचं नाव छापणं बंधनकारक आहे आणि २०,००० रुपये व त्यावरचा डीडी ‘अकाउंट पेयी’ रेखांकितच दिला जातो. या दोन गोष्टी नसतील तर पुढे जायचंच नाही. क्लोन केलेल्या डीडीचा क्रमांक खरा असतो. त्यामुळे ‘अमुक क्रमांकाचा डीडी तुम्ही दिलाय का?’ असं विचारलं तर समोरून प्रामाणिकपणे ‘हो’ येतं आणि आपण फसतो. विचारायचं असं: ‘या क्रमांकाला तुमच्याकडे नाव काय आहे, रक्कम किती, तारीख कोणती, आणि तो वटलाय का?’ सगळी माहिती त्यांच्या तोंडून यायला हवी. फोन नंबर डीडीवर छापलेला किंवा ग्राहकाने सांगितलेला घ्यायचा नाही, आपल्या बँकेच्या यादीतून घ्यायचा. वर्गात दोघांना समोरासमोर बसवून हे संभाषण आम्ही तीन-चार वेळा करून घेतो. घाईत प्रत्येक जण माहिती स्वतःच देऊन बसतो आणि ते त्याच्या लक्षातही येत नाही.

पासिंगच्या टेबलावर बसणाऱ्यांचं सत्र वेगळं घेतो, कारण त्यांच्याकडे कागद नसतो आणि आता वेळही नसतो. ४ ऑक्टोबर २०२५ पासून सीटीएसमध्ये चेक दिवसभर सलग येतात. या नव्या पद्धतीच्या पहिल्या टप्प्याच्या नियमाप्रमाणे संध्याकाळी सातपर्यंत होकार किंवा नकार दिला नाही तर चेक मंजूर झाला असं मानलं जातं. म्हणजे शंका आलेला चेक ‘उद्या बघू’ म्हणून बाजूला ठेवणं म्हणजे तो पास करणंच. यासाठी क्रम ठरवून ठेवावा लागतो: मोठ्या रकमा आधी, नवीन चेकबुकातले चेक आधी, ज्या खात्यातून एरवी चेक जात नाहीत ते आधी. चेकबुकाची मालिका त्या खात्याला दिलेली आहे का आणि ते पान क्रमाच्या फार पुढचं तर नाही, हे कोअर बँकिंगमध्ये, म्हणजे बँकेच्या संगणक प्रणालीत, काही सेकंदांत दिसतं.

१ जानेवारी २०२१ पासून आलेल्या पॉझिटिव्ह पे पद्धतीत खातेदार चेकची तारीख, नाव आणि रक्कम आधीच बँकेला कळवतो. ५०,००० रुपये आणि त्यावरच्या चेकसाठी ही सोय आहे, पाच लाख आणि त्यावर ती सक्तीची करायची मुभा बँकांना आहे. क्लोन आणि धुतलेला चेक दोन्ही इथे अडकतात, म्हणून आम्ही या पद्धतीचे मनापासून समर्थक आहोत. दुखणं आहे ते नावातल्या स्पेलिंगच्या फरकांचं. दिवसभर अशा किरकोळ तफावती पाहून अधिकारी ‘ओव्हरराइड’ला, म्हणजे इशारा डावलून चेक पुढे जाऊ द्यायला, सरावतो आणि नेमका खरा इशाराही त्याच हाताने उडवतो. रक्कम किंवा तारखेत तफावत असेल तर ओव्हरराइड एकट्याने करायचा नाही, एवढं बंधन तरी असावं. शाखेत कागदावर आलेला पॉझिटिव्ह पेचा अर्ज खातेदाराखेरीज दुसऱ्या कुणाच्या हातून घेऊ नये.

खातेदाराला फोन करण्याआधी त्याचा मोबाइल नंबर कधी बदलला ते पाहा. गेल्या काही दिवसांत बदलला असेल तर नव्या नंबरवर मिळालेल्या होकाराला किंमत नाही, कदाचित फसवणारा माणूसच बोलत असेल. जुना नंबर, लँडलाइन किंवा मूळ शाखा गाठा. तरीही शंका राहिली तर त्याच परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम ६४ चं दुसरं उपकलम हाताशी आहे: फसवणुकीची किंवा बनावटीची वाजवी शंका असल्यास देणारी बँक मूळ चेकच हजर करायला सांगू शकते. हा अधिकार वापरणारे अधिकारी फार कमी भेटतात. त्याची आठवण करून द्यायलाच आम्ही पंधरा मिनिटं देतो.

आणि काउंटरवर शंका पक्की झाली तर? आवाज चढवायचा नाही, ‘हा खोटा आहे’ म्हणायचं नाही. चेक आणणारा स्वतःच फसलेला असू शकतो, वस्तू विकून चेक घेतलेला साधा माणूस. ‘पडताळणी चालू आहे, थोडा वेळ लागेल’ हे खरं वाक्य पुरतं. चेक परत द्यायचा नाही. माणूस निघून जात असेल तर अडवायचं नाही, हातघाईवर तर मुळीच यायचं नाही. चेहरा, वेळ, सोबत कोण होतं हे लगेच लिहून ठेवायचं. दुसऱ्या कर्मचाऱ्याने दरम्यान व्यवस्थापकाला कळवायचं, आणि रक्कम कुठल्या खात्यात जमा होणार आहे ते खातं पाहायचं: कधी उघडलं, आधी एखादा छोटा चेक चाचणीसारखा टाकला होता का, पैसे आले की त्याच दिवशी काढले जातात का. काल रक्कम जमा झालेली असेल तर होल्ड, म्हणजे ती रक्कम रोखून ठेवणं, आधी आणि पत्रव्यवहार नंतर. त्याच मालिकेतल्या उरलेल्या पानांसाठी खातेदाराकडून स्टॉप पेमेंट लगेच घ्यायचं.

पुरावा खराब होतो तो बहुतेक आपल्याच हातून. संशयित चेकवर शिक्का, टाचणी, पंचिंगचं भोक, पेनाने गोल, काहीही नको. कडेला धरून कागदी पाकिटात ठेवायचा. प्लास्टिकमध्ये ओल धरते. पाकिटावरचा मजकूर चेक आत ठेवण्याआधी लिहायचा, नाहीतर लिहिण्याचा दाब आतल्या पानावर उमटतो आणि आडव्या उजेडात तपासणाऱ्याची दिशाभूल होते. सीसीटीव्हीचं चित्रण त्याच दिवशी वेगळं काढून ठेवायला लेखी सांगायचं, कारण यंत्र ठरावीक दिवसांनी जुन्यावर नवं नोंदवतं. पेटीत टाकलेला चेक असेल तर पेटीसमोरच्या कॅमेऱ्याचंही. पुढे पोलीस तक्रार, आणि प्रकरण फसवणूक म्हणून ठरल्यापासून १४ दिवसांच्या आत रिझर्व्ह बँकेला अहवाल. शाखेचं काम इतकंच की वरच्या कार्यालयाला ही माहिती त्याच दिवशी, चेकच्या दोन्ही बाजूंच्या प्रतींसह पोहोचावी.

दिवसाच्या शेवटी परीक्षा असते. ४० पानं, त्यातली २८ खरी. प्रत्येकी अर्धा मिनिट. सगळी खोटी ठेवली तर सगळ्यालाच ‘खोटं’ म्हणणारा पहिला येतो, आणि तोच दुसऱ्या दिवशी काउंटरवर रांग अडवून बसतो. म्हणून खऱ्याला खोटं म्हटल्याचेही गुण कापतो आणि प्रत्येक उत्तरासोबत एका वाक्यात कारण लिहायला लावतो. ‘वाटलं’ हे कारण चालत नाही. ‘नावाच्या ओळीवर नक्षी तुटलेली’ हे चालतं. नमुन्याच्या पानांवर आडवा लाल ‘नमुना’ शिक्का आणि क्रमांक असतो. जाताना ती चाळीसच्या चाळीस मोजून, दोघांच्या सहीने पाकिटात बंद होतात. एक पान जरी कमी भरलं तरी ते सापडेपर्यंत कुणी खोलीबाहेर जात नाही.